सावंतवाडीहून बगदादला

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला आपला जिल्हा कोणी जन्माला घातला, हा प्रश्न सहसा पडत नाही. अंधेरीच्या स्थानकावर सकाळी गर्दीत उभे असताना तो पडण्याचे कारणही नाही. पण जिल्हे आपोआप उगवत नाहीत. १९२० साली ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्याचा दक्षिण भाग तोडून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण केला गेला. अंधेरी, घाटकोपर नव्या जिल्ह्यात आली. बोरिवली आणि मुलुंड ठाण्याकडेच राहिली आणि मुंबई महापालिकेच्या हद्दीत ती यायला १९५७ साल उजाडावे लागले. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता जॉर्ज लॉइड. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी ज्या डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटच्या नावाने आजही ओळखल्या जातात, ते खातेही त्याच्याच कारकिर्दीत, त्याच वर्षी उघडले.

हा लॉइड मुंबईत येण्यापूर्वी काय करीत होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. तो महायुद्धात कैरोच्या ‘अरब ब्यूरो’शी संबंधित होता. १९१७ च्या शरदात टी. ई. लॉरेन्स यार्मूकच्या पुलाकडे निघाला, तेव्हा त्या वाळवंटी प्रवासाच्या पहिल्या टप्प्यात लॉइड त्याच्याबरोबर उंटावर होता. पुढच्याच वर्षअखेरीस तो मुंबईच्या गव्हर्नरपदावर रुजू झाला. म्हणजे अरबांच्या भावी राज्यांविषयी खलबते करणारा माणूस आणि आमच्या उपनगराला जिल्ह्याचा दर्जा देणारा माणूस एकच.

ह्याला योगायोग म्हणून सोडून देता आले असते. परंतु ज्या १९२० च्या ऑक्टोबरात आमचा जिल्हा नुकताच उभा राहत होता, त्याच महिन्यात सर पर्सी कॉक्स नावाचा एक उंच, मितभाषी अधिकारी बगदादमध्ये दाखल झाला आणि पुढल्या दहा महिन्यांत त्याने ‘इराक’ नावाचे एक राज्य राजासकट उभे केले. ह्या कॉक्सची राज्यकारभाराची उमेदवारी कुठे झाली होती? कोल्हापुरात आणि सावंतवाडीत. एवढे समजल्यावर आम्हाला हा विषय सोडवेना. नव्या अरब राज्याच्या निर्मितीचा इतिहास लंडन आणि कैरोच्या बाजूने पुष्कळ वेळा सांगितला गेला आहे. मुंबई इलाख्याच्या बाजूने तो कसा दिसतो, एवढेच येथे पाहायचे आहे.

मुंबई आणि अरबी मुलूख ह्यांचे नाते तसे जुने. १८०४ साली मुंबईत लिटररी सोसायटी स्थापन करणारा न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश आपल्या साहित्यविद्यार्थ्यांना एशियाटिक सोसायटीचा आद्य पुरुष म्हणून ठाऊक असतो. त्याची मुलगी १८०८ साली मुंबईत क्लॉडियस रिच ह्या तरुणाला दिली गेली आणि तो जावई कंपनीचा रेसिडेंट म्हणून बगदादला गेला. बाबिलोनच्या अवशेषांचे पहिले शास्त्रशुद्ध वर्णन त्याचेच. १८३२ साली बगदादहून उलट दिशेने डेव्हिड ससून मुंबईत आला. १८३९ साली कॅप्टन हेन्सने एडन घेतले ते मुंबई सरकारसाठी, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. प्लेफेअरचा येमेनचा इतिहास १८५९ साली मुंबई सरकारच्या दफ्तरातील निवडक कागद म्हणून मुंबईतच छापला गेला. मराठी माणसाला एडन आठवते ते मात्र एका वेगळ्या कारणाने. वासुदेव बळवंत फडके त्या किल्ल्यात कैदी होते आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. इलाख्याच्या दृष्टीने एडन हा आपल्याच अमलातील एक दूरचा तुरुंग होता. अरबस्तान त्या अर्थाने परदेश नव्हता.

पण नुसता संपर्क म्हणजे राज्यनिर्मितीची विद्या नव्हे. ती विद्या इंग्रजांनी कुठे घटवली, हे पाहायचे तर साताऱ्याला जावे लागते.

१८१८ च्या फेब्रुवारीत अष्टीच्या लढाईनंतर छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. पेशवाई बुडवताना माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनपुढे प्रश्न होता तो असा की, संपूर्ण मुलूख एकाच वेळी खालसा केला तर मराठे सरदार आणि शिपाई बिथरतील. त्याने तोड काढली. छत्रपतींच्या नावाने एक आटोपशीर राज्य तयार करायचे, गादीचा मान राखायचा आणि गादीशेजारी आपला एक माणूस बसवायचा. तो माणूस म्हणजे कॅप्टन जेम्स ग्रँट डफ. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने राज्याच्या सीमा आखल्या गेल्या आणि बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही हे कलम राजावर घातले गेले. १८२२ पर्यंत प्रत्यक्ष कारभार डफच पाहत होता. त्यानंतर तो महाराजांच्या स्वाधीन झाला. प्रतापसिंहांनी राज्य मनापासून चालवले, रस्ते बांधले, शाळा काढली, आणि आपण खरोखरचे राजे आहोत असे ते समजू लागले. हीच त्यांची चूक ठरली. १८३९ साली बाहेरच्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून त्यांना पदच्युत करून काशीला धाडण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी चौदा वर्षे लंडनमध्ये उंबरे झिजवीत राहिले. दरम्यान १८४८ साली प्रतापसिंहांचे बंधू शहाजी निवर्तले आणि डलहौसीने राज्यच खालसा केले. वचने देऊन उभारलेली ही गादी अवघी तीस वर्षे टिकली.

ह्या अनुभवातून इंग्रजी राज्यकारभाराने जे शिकायचे ते शिकून घेतले. १८५७ नंतर खालसा करण्याचे धोरण सुटले; संस्थाने राखावीत पण आतून घडवावीत, ही रीत आली. तिचा उत्तम नमुना कोल्हापूर. चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाची बाजू ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ह्यांनी मांडली, दिवाण बर्व्यांनी फिर्याद केली आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, हे प्रकरण प्रत्येक मराठी विद्यार्थ्याच्या कानावरून गेलेले असते. पुढच्याच वर्षी तो दुर्दैवी राजा अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावला. १८८४ साली दत्तक घेतलेले शाहू महाराज अज्ञान होते. १८९४ पर्यंत दरबाराचा गाडा रीजन्सी कौन्सिल आणि पोलिटिकल एजंट हाकीत होते आणि बालराजाच्या शिक्षणासाठी फ्रेझरसारखा इंग्रज शिक्षक नेमलेला होता.

नेमक्या ह्याच काळात, १८८९ नंतरच्या तीनचार वर्षांत, तरुण पर्सी कॉक्स कोल्हापूर आणि सावंतवाडी येथे किरकोळ प्रशासकीय हुद्द्यांवर होता. तेथून तो सोमालियाच्या किनाऱ्यावर, मग मस्कतला, मग बुशहरला गेला. त्याच्या चरित्रात हा मराठी मुक्काम एका ओळीत संपतो. आम्हाला ती ओळ महत्त्वाची वाटते. गादीवर कोण बसला आहे ह्यापेक्षा गादीशेजारी कोण बसला आहे हे अधिक मोलाचे असते, हा धडा ज्या काळी कोल्हापूरच्या भिंतींवर लिहिलेला होता, त्या काळी तो वाचण्याच्या वयात कॉक्स तिथे होता. त्याने साताऱ्याचे दफ्तर उघडून बगदादचा आराखडा केला, असा आमचा मुळीच दावा नाही. एखादी रीत अंगवळणी पडली की दफ्तर उघडावे लागत नाही.

१९१४ च्या ऑक्टोबरात पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबई बंदरातून निघाली. ६ नोव्हेंबरला ती शत्-अल्-अरबच्या मुखाशी फाओला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा पडले. फौजेबरोबर मुख्य पोलिटिकल ऑफिसर म्हणून कॉक्स होता. सैन्याच्या पाठोपाठ हिंदुस्थानचे अख्खे सरकार बसऱ्यात उतरले म्हटले तरी चालेल. चलन रुपयाचे, टपालाची तिकिटे तुर्की, पण त्यांवर किंमत आण्यांत आणि रुपयांत छापलेली. १९१५ सालच्या संहितेने बसऱ्याच्या कोर्टांत हिंदी कायदे लागू झाले. महसूल पाहायला हेन्री डॉब्ज आला, तो बलुचिस्तानात मुरलेला सनदी अधिकारी. बसरा प्रांत कायमचा हिंदुस्थानला जोडावा आणि तिथे पंजाबी शेतकरी नेऊन वसवावेत, अशी कल्पना कॉक्सचा तरुण सहकारी आर्नल्ड विल्सन उघडपणे मांडीत होता. ह्या मंडळींच्या मनात त्या क्षणी ‘अरब राज्य’ नव्हतेच. त्यांच्या मनात होता हिंदुस्थानचा आणखी एक प्रांत.

डॉब्जने केलेली एक गोष्ट मात्र बसऱ्याच्या तात्पुरत्या अमलापेक्षा फार लांब पोहोचली. वायव्य सरहद्दीवर टोळ्यांसाठी जो वेगळा फौजदारी कायदा होता, त्याच्या धर्तीवर १९१६ साली टोळ्यांच्या तंट्यांचे नियम इराकात आणले गेले. शहरातल्या माणसाला एक कायदा, टोळीतल्या माणसाला दुसरा. तंटा सोडवणार तो सरकारने मान्य केलेला शेख. ज्या शेखाचा अधिकार त्याच्या माणसांच्या संमतीवर अवलंबून होता, तो आता सरकारी मान्यतेवर अवलंबून राहिला आणि हळूहळू जमीनदार झाला. इनामदार-वतनदारांचा इतिहास वाचलेल्या मराठी वाचकाला हे वळण नवे नाही. इराकच्या १९२५ च्या राज्यघटनेनेही हे नियम चालू ठेवले. ते गेले १९५८ च्या क्रांतीनंतर.

ह्या साऱ्या उभारणीचा पाया ज्यांच्या खांद्यांवर होता त्यांच्याविषयी आता लिहायला हवे. पुणे डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, सावंतवाडी ह्या मुलखातले हे शिपाई. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे जनरल टाउनशेंडची आगेकूच थांबली आणि फौज कूत-अल्-अमाराला परतली. ७ डिसेंबरपासून तिला वेढा पडला. धान्य संपत आले, घोडे कापले जाऊ लागले. ते मांस खाणे अनेक हिंदी शिपायांच्या धर्मात बसेना. मायदेशाहून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आल्या, तरी कित्येकांनी ते फार उशिरापर्यंत नाकारले. गावी गेल्यावर जातगंगा काय म्हणेल हा धाक उपासमारीपेक्षा मोठा होता. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शस्त्रे खाली ठेवली, त्यांत बहुसंख्य हिंदी. सामान्य शिपायांना वाळवंटातून पायी हाकलण्यात आले आणि बरेच जण रास-अल्-ऐनच्या रेल्वेकामावर राबत राहिले. त्या वाटेवर आणि त्या छावण्यांत किती माणसे मेली ह्याचा हिशेब करताना इतिहासकार आजही अडखळतात. ११७ व्या पलटणीला १९२१ साली ‘रॉयल’ हा किताब मिळाला.

कूतच्या आणि जखमींच्या हेळसांडीच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९१७ च्या उन्हाळ्यात आला आणि त्याने हिंदुस्थान सरकारची लक्तरे चव्हाट्यावर टांगली. पार्लमेंटातल्या चर्चेत एडविन माँटेग्यूने, हे सरकार आधुनिक काळाला अपुरे पडणारे आणि ताठर आहे, अशा अर्थाची कडक टीका केली. भारतमंत्री चेंबरलेनने राजीनामा दिला, त्याच्या जागी माँटेग्यूच आला आणि २० ऑगस्ट १९१७ ची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा त्याच्याच तोंडून झाली. १९१९ च्या सुधारणांचा एक उगम असा कूतच्या चिखलात आहे. अभ्यासक्रमात ‘माँट-फर्ड सुधारणा’ शिकवताना आम्ही हा दुवा कधी सांगितला नाही, ही कबुली येथे द्यायला हवी.

युद्ध संपले तेव्हा जग बदललेले होते. उघड खालसा करणे आता शोभण्यासारखे नव्हते. १९२० च्या एप्रिलमध्ये सान रेमो येथे ‘मँडेट’ हा नवा शब्द कामी आला. त्या उन्हाळ्यात युफ्रेटिसच्या काठाने बंड पेटले. विल्सनचा थेट राज्य करण्याचा आग्रह त्यात जळून गेला. बंड मोडायला पुन्हा हिंदुस्थानातून पलटणी नेल्या. आणि मग ऑक्टोबरात कॉक्स परतला.

आता त्याने जे केले ते साताऱ्याच्या चष्म्यातून पाहावे. प्रथम बगदादच्या वयोवृद्ध नकीबाच्या अध्यक्षतेखाली मंत्रिमंडळ नेमले आणि प्रत्येक मंत्र्याजवळ एक इंग्रज सल्लागार दिला. १९२१ च्या मार्चमध्ये कैरोच्या परिषदेत चर्चिलच्या देखरेखीखाली राजा ठरला: मक्केच्या शरीफाचा मुलगा फैसल, ज्याला आदल्याच वर्षी फ्रेंचांनी दमास्कसच्या गादीवरून हुसकले होते. गादीवर डोळा असलेल्या बसऱ्याच्या सय्यद तालिबला एप्रिलमध्ये, कॉक्सच्या घरी चहा घेऊन निघताच पकडून सिलोनला रवाना करण्यात आले. प्रतापसिंहांना काशी, तालिबला सिलोन. साम्राज्याचा नकाशा मोठा असला की अडचणीच्या माणसासाठी त्यात नेहमी एखादे दूरचे गाव सापडते. जुलैत सार्वमत झाले आणि फैसलला ९६ टक्के पाठिंबा मिळाल्याचे जाहीर झाले. २३ ऑगस्टला राज्याभिषेक झाला, तेव्हा राष्ट्रगीत नव्हते म्हणून बँडने इंग्लंडच्या राजाचे गीत वाजवले. १९२२ च्या ऑक्टोबरातील तहाने परराष्ट्रीय आणि आर्थिक बाबतींत ब्रिटिश सल्ला मानण्याचे बंधन राजावर आले. त्याच हिवाळ्यात उकैर येथे कॉक्सने इराक, नज्द आणि कुवेत ह्यांच्या सीमा ठरवल्या. तिथे हजर असलेल्या डिक्सनच्या आठवणींनुसार त्याने त्या लाल पेन्सिलीने नकाशावर ओढल्या.

साम्य दाखवून झाले की भेदही सांगितला पाहिजे. नाहीतर निबंध सोपा होतो आणि खोटा ठरतो. सातारची गादी त्या मातीतली होती, लोकांच्या मनात तिला दीडशे वर्षांचे मूळ होते. फैसल बगदादला पाहुणा होता. सातारकरांच्या पाठीशी कोणतेही जागतिक व्यासपीठ नव्हते. इराकच्या डोक्यावर राष्ट्रसंघ होता आणि ३ ऑक्टोबर १९३२ रोजी, निदान कागदावर, तो स्वतंत्र देश म्हणून त्याचा सभासद झाला. त्याच वर्षी रुपया जाऊन दिनार आला. एका दिनाराला सव्वातेरा रुपयांहून किंचित अधिक. शिवाय फैसल कळसूत्री बाहुली नव्हता. मिळालेल्या चौकटीत राहून त्याने इंग्रजांशी घासाघीस केली, आणि प्रतापसिंहांना जे नाकारले गेले ते थोडेफार पदरात पाडून घेतले. हे राज्य १४ जुलै १९५८ रोजी रक्तपाताने संपले; पण देश संपला नाही. तीन तुर्की प्रांत शिवून केलेले वस्त्र उसवेल अशी भाकिते कितीतरी झाली, आणि तरीही आज चार कोटींहून अधिक माणसे स्वतःला इराकी म्हणवतात. कारकुनी रेषेच्या आतही माणसे राहू लागली की त्या रेषेचा अर्थ बदलतो.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी एक गोष्ट विशेष विचारात घेण्यासारखी आहे. राज्ये घडवणारे हे अधिकारी लेखक होते. ग्रँट डफने साताऱ्याच्या रेसिडेन्सीत बसून कागद जमवले आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. कॉक्सची सहकारी गर्ट्रूड बेल हिने १९२० साली मेसोपोटेमियाच्या मुलकी कारभाराचा अहवाल लिहिला आणि तो पार्लमेंटपुढे ठेवला गेला. विल्सनने तीसच्या दशकाच्या तोंडावर दोन जाडजूड खंड लिहिले. ज्याने राज्य बसवले त्यानेच त्याचा पहिला इतिहास लिहिला, आणि नंतरच्या प्रत्येकाला त्या पुस्तकाशी भांडतच सुरुवात करावी लागली. आपल्याकडे नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी डफच्या ‘बखरी’वर टीका लिहिली आणि पुढे राजवाडे साधनांच्या मागे गावोगाव हिंडले. इराकात अब्दुल रझ्झाक अल्-हसनीने विसाच्या बंडाचा इतिहास लिहिला, अली अल्-वर्दीने समाजाच्या अंगाने तो पुन्हा मांडला. मराठी इतिहासलेखन आणि इराकी इतिहासलेखन ही अशी एकमेकांना न भेटलेली भावंडे आहेत. दोघांच्याही घरी पहिला ग्रंथ रेसिडेंटाचा.

मात्र कीर्तने-राजवाड्यांच्या परंपरेने एक खाते रिकामे ठेवले. आपण जिंकले गेलो त्याची साधने आपण गोळा केली; आपल्या हातांनी दुसरे जिंकले गेले त्याची केली नाहीत. घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत आणि सोसायट्यांत साताऱ्याहून, रत्नागिरीहून, सावंतवाडीहून आलेली किती घरे आहेत! त्यांतल्या एखाद्या घरात पणजोबांचे ‘बसऱ्याचे’ पदक असेल, एखाद्या आजीच्या बोलण्यात ‘बसऱ्याची लढाई’ असेल. तो मनुष्य तिथे पीडित होता की पीडकाचा हस्तक, ह्याचे उत्तर सोपे नाही. कूतच्या वेढ्यात तो उपाशी होता आणि त्याच फौजेच्या जोरावर युफ्रेटिसकाठच्या शेतकऱ्याचा मुलूख जिंकला गेला, ही दोन्ही विधाने खरी आहेत. दोन्ही एकत्र पेलू शकेल असे मराठी गद्य आपण अजून पुरेसे लिहिलेले नाही.

बसऱ्याजवळ महायुद्धाचे एक स्मारक आहे. चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी ते उभारले गेले. त्यावर इंग्रज शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायाचे नाव नव्हते. पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. १९९७ मध्ये ते मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेले गेले. स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली आपल्या जुन्या कारभारातील हा पंक्तिप्रपंच अहवालातून मान्य केला. आपल्याकडच्या गावांत महायुद्धाच्या ज्या दगडी पाट्या दिसतात, त्यांतल्या बहुतेकांवरही तेच: ह्या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परतले नाहीत. तिथेही आकडाच.

कॉक्सचे नाव राहिले, फैसलचे राहिले, लॉइडचे राहिले. आमच्या जिल्ह्याच्या आणि त्या देशाच्या जन्माचे कागद व्यवस्थित जपलेले आहेत. बाकीची नावे बहुधा घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत, आणि पेट्या उपनगरातल्या लहान जागेत मावत नाहीत म्हणून दर दिवाळीच्या साफसफाईत थोड्या थोड्या कमी होत चालल्या आहेत. आमच्या वाचकांत शिक्षक बरेच आहेत. येत्या वर्षी विद्यार्थ्यांना प्रकल्प देताना त्यांना एकदा आपापल्या घरची पेटी उघडायला सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.